मागणाऱ्याचा आवाज

दान गुप्त असावे की प्रकट, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे आणि तो बहुधा देणाऱ्याच्या बाजूनेच लढवला गेला आहे. नाव लावल्याने पुण्य उणे होते का, अहंकार वाढतो का, नाव लावलेच नाही तर इतरांना प्रेरणा कशी मिळणार, अशी ती चर्चा चालते. घेणाऱ्याचे काय होते, हा प्रश्न तीत क्वचितच येतो. दानधर्माच्या गावात राहणाऱ्या माणसाला मात्र तो फार काळ टाळता येत नाही, आणि सुरत हे तसे गाव आहे. येथे रस्त्याकडेच्या पाणपोईला 'परब' म्हणतात आणि बहुतेक परबांवर कोणाच्या तरी स्मरणार्थ असा दगड बसवलेला असतो. बागेतल्या बाकांवर, दवाखान्याच्या भिंतींवर, स्मशानातल्या शेडवर नावे आहेत. आमच्या शाळेत छताच्या पंख्यांच्या पात्यांवर दात्याचे नाव रंगवलेले आहे. पंखा फिरू लागला की ते दिसत नाही. वीज गेली की स्पष्ट वाचता येते. घामाघूम झालेली मुले वर पाहून ते मोठ्याने वाचतात. मी थट्टा करीत नाही. ते पंखे नसते तर एप्रिलमध्ये वर्ग चालवणे कठीण झाले असते.

पण पात्यावरचे नाव मुके असते आणि ते देणाऱ्याचे असते. रेडिओमुळे या व्यवहारात घेणाऱ्याचा आवाज आला, आणि त्याबरोबर एक नवा नैतिक प्रश्न आला, त्याविषयी मला लिहायचे आहे.

भेस्तान हे पश्चिम रेल्वेवर उधना आणि सचिन यांच्या मधले स्टेशन. शेजारी पांडेसऱ्याची औद्योगिक वसाहत, तिथल्या रंगकामाच्या आणि छपाईच्या मिला. खानदेशातून आलेली मराठी आणि अहिराणी बोलणारी घरे, ओडिशाचे यंत्रमाग कामगार, उत्तर प्रदेश-बिहारची कुटुंबे आणि मूळचे गुजराती लोक येथे एकाच जिन्याने वरखाली करतात. साड्यांना लेस लावण्याच्या खोल्यांत, रिक्षात, चहाच्या लारीवर एफएम चालू असतो. गाण्यांच्या मधल्या गप्पांत कोठे रक्तदान शिबिर आहे, कोणत्या मंडळाने वह्या वाटल्या, श्रावणात कानबाई कोणत्या सोसायटीत बसली हे कळते. मधूनच एखाद्या रहिवाशाची कहाणी येते. ती लागली की हात थांबतात. माणसाला माणसाची गोष्ट ऐकावीशी वाटते, त्यात वावगे काही नाही.

आमच्या पिढीला रेडिओवरची घरे परिचयाची होती. आकाशवाणी मुंबईच्या 'पुन्हा प्रपंच'मधले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावोजी हे तर पाहुण्यांसारखे घरी येत. परंतु त्या घरातली सुखदुःखे लेखकाने लिहिलेली होती. ती ऐकताना आपण कोणाच्या चुलीपाशी न विचारता शिरलो आहोत असे वाटण्याचे कारण नव्हते. आता रेडिओवर येते ते खरे घर असते, पलीकडच्या गल्लीतले.

तीन-चार वर्षांपूर्वी आमच्या नववीतल्या एका मुलाचे वडील दोन महिन्यांच्या दुखण्यात गेले. ते मिलमध्ये कामाला होते. आई घरी साड्यांचे धागे कापण्याचे आणि खडे चिकटवण्याचे काम आणते. नगावर पैसे मिळतात, आणि त्यावर दोन मुलांचे घर चालत नाही हे सांगायला गणिताचा शिक्षक लागत नाही. त्या सुमारास एका केंद्रावर असा एक कार्यक्रम चालू होता. केंद्राचे नाव घेण्याचे कारण नाही; हा प्रकार एकाच ठिकाणचा नाही. प्रथम शहरातल्या सेवाभावी मंडळांशी गप्पा, मग त्यांनी ज्यांना हात दिला त्यांच्याशी गप्पा, शेवटी श्रोत्यांना आवाहन, असे त्याचे स्वरूप. एका मंडळाने या बाईंना शिलाई मशीन द्यायचे ठरवले होते आणि त्याची हकिगत कार्यक्रमात यायची होती. निवेदक घरी आला. चांगला मुलगा होता. चपला बाहेर काढून खाली सतरंजीवर बसला, धाकट्या मुलीशी खेळला. बाई चाळीस मिनिटे बोलल्या. प्रत्यक्षात सातेक मिनिटे लागली.

नवरा गेल्यावरही सकाळी हात आपोआप त्याचा डबा घासायला घेतात, हे सांगताना बाईंचा आवाज फुटला, तो भाग त्या सात मिनिटांत होता. त्याच्यामागे सारंगी लावली होती. 'बिचारी' हा शब्द निवेदकाच्या तोंडी तीनदा आला. शेवटी मंडळाच्या पदाधिकाऱ्यांची आणि मदत जाहीर करणाऱ्यांची नावे वाचून दाखवली. परिणाम चांगला झाला, हे आधी नोंदवले पाहिजे. मशीन आले, मुलाचा वर्षाचा शाळेचा खर्च निघाला, एका दुकानदाराने फॉल-बिडिंगचे नियमित काम दिले. सात मिनिटांत एवढे घडवून आणणारे साधन आमच्या ओळखीत दुसरे नाही.

वर्गात मात्र पोरांनी दोन दिवसांत तो आवाज उचलला. डबा घासणे हा मधल्या सुट्टीतला विनोद झाला. मुलगा चार दिवस शाळेत आला नाही. त्या पोरांना मी काय सुनावले ते सांगण्यात अर्थ नाही. ज्यांनी शाळा पाहिली आहे त्यांना ते ठाऊक आहे. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. रडणे चव्हाट्यावर आले म्हणून बाई दुखावल्या असतील, असा माझा अंदाज होता. दुखावल्या होत्याच, पण त्या म्हणाल्या, "सर, मी रडनू ते आयकाडं. मंग मनी शेजारीन सगळास्ना पहिले उनी, ते का बरं नही आयकाडं?"

आणि मग त्यांनी मला तो सगळा न लागलेला भाग सांगितला. नवरा दवाखान्यात असताना समोरच्या खोलीतल्या बाईने धाकट्या मुलीला सतरा दिवस आपल्या घरी जेवूखाऊ घातले. खालच्या किराणावाल्या गुजराती भाईंनी दोन महिने वही उघडी ठेवली आणि एकदाही आठवण केली नाही. वरच्या मजल्यावर चार ओडिया मजूर एका खोलीत राहतात; रात्रपाळी करून आलेल्या त्यांच्यातल्या दोघांनी झोप न घेता तिरडीला खांदा दिला. आणि भिशी. पंधरा बायकांची भिशी होती, त्या महिन्याला जिचा नंबर लागला होता तिने तो यांच्यासाठी सोडला. स्वतःच्या मुलीच्या बाळंतपणासाठी तिने तो धरून ठेवला होता. ही सगळी नावे बाईंनी चाळीस मिनिटांत घेतली होती. एकही लागले नाही. शेजारणींनी कार्यक्रम ऐकला तो याच आशेने की आपली आठवण निघेल, आणि दुसऱ्या दिवशी नळावर कोणी काही बोलले नाही. बाईंना ते सारंगीपेक्षा अधिक लागले होते. माझ्या मनात लाजेचा प्रश्न होता, त्यांच्या मनात हिशेबाचा. घेतलेले ज्याच्या त्याच्या नावावर मांडले गेले नाही, ही त्यांची तक्रार.

पुढे कधीतरी तो निवेदक भेटला तेव्हा मी त्याला हे विचारले. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, नामनी यादी कोण सांभळे?" नावांची यादी कोण ऐकणार, हे खरेच आहे. पण शेवटी त्याने वाचली तीही यादीच होती.

मला वाटते, या प्रश्नाचे मूळ येथे आहे. देणारे आणि घेणारे अशा माणसांच्या दोन जाती आहेत असे आपण गृहीत धरतो. वस्तीत तसे नसते. या बाईंनी स्वतः दोन वर्षांपूर्वी कोणाच्या तरी नंबराला मान तुकवली असेल, कोणाचे तरी मूल सांभाळले असेल, कोणाच्या तरी मयताला पन्नास रुपये काढले असतील. त्यांच्या आयुष्यात त्या बहुतेक दिवस देणाऱ्या होत्या आणि काही दिवस घेणाऱ्या. कार्यक्रमाने त्यांतले काही दिवस उचलले आणि तीच त्यांची ओळख म्हणून गावभर सांगितली. 'बिचारा' हा शब्द मुळात फारसी आहे: 'बे-चारा', म्हणजे ज्याला चारा, अर्थात उपाय, उरला नाही तो. पंधरा बायकांची भिशी जिच्या पाठीशी आहे तिला हा शब्द लागू पडत नाही, आणि तो लावणे ही दयेच्या पोटी केलेली का असेना, पण चुकीची माहिती आहे.

आपल्या परंपरेने लाज कोणाच्या पदरात घातली होती, हेही पाहण्यासारखे आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत गुरू शिष्याला निरोप देताना दानाविषयी सांगतो. श्रद्धेने दे, आपल्या ऐपतीप्रमाणे दे, असे सांगतानाच तो लाज बाळगून दे असेही सांगतो. लाज देणाऱ्याने बाळगायची आहे. आपण देतो आहोत ते पुरेसे नाही, आपल्याजवळ आहे आणि समोरच्याजवळ नाही, याची ती लाज असावी. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे प्रकार केले आहेत, आणि तुच्छतेने, अनादराने दिलेले दान तामस ठरवले आहे. गुजरातेत गुप्तदानाला मोठी प्रतिष्ठा आहे. त्याचा अर्थ आपण बहुधा दात्याच्या निरहंकाराशी जोडतो, परंतु त्याचा व्यवहारातला उपयोग घेणाऱ्याला अधिक होता: कोणाकडे मान खाली घालायची हेच त्याला माहीत नसे. बाराव्या शतकातला ज्यू विचारवंत मायमोनिडीस याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. देणाऱ्याला घेणारा आणि घेणाऱ्याला देणारा ठाऊक नाही, ही पायरी त्याने बरीच वर ठेवली. पण सर्वांत वर ठेवली ती समोरच्याला कर्ज, काम किंवा भागीदारी देऊन पुन्हा मागण्याची वेळच न आणण्याची. त्या भिशीतल्या बाईला मायमोनिडीस ठाऊक असण्याचा संभव नाही.

ध्वनिक्षेपक आला आणि लाजेची जागा बदलली. आता देणारा हसून बोलतो आणि घेणारा रडून. हे कोणी ठरवून केले असे नाही. रडणे ऐकले की हात खिशाकडे जातो, हा अनुभव आहे, आणि जे कामाला येते ते पुन्हा पुन्हा केले जाते.

यावर एक उत्तर असे दिले जाते की बाईंनी होकार दिला होता. दिला होता खरा. मीच त्यांना म्हटले होते की मनात नसेल तर नाही म्हणा, मशीनचे आपण दुसरीकडे पाहू. त्यांनी बोलायचे ठरवले ते स्वतः. पण मदत मागायला आलेल्या माणसाच्या होकाराचे वजन किती धरावे, हा प्रश्न राहतोच. सावकाराच्या कागदावरही सही असते. ज्याला नाही म्हणणे परवडत नाही त्याच्या 'हो'ला जपून हात लावला पाहिजे, एवढे तरी मान्य व्हायला हरकत नसावी. आणि बाईंचा होकार चाळीस मिनिटांना होता. त्यांतली कोणती सात ठेवायची, हे त्यांना कोणी विचारले नव्हते.

मग घेणाऱ्याने बोलूच नये काय? त्याच्या वतीने दुसऱ्याने मागावे, ही रीत जुनी आहे. बीबीसीने १९२६ साली दर रविवारी एका चांगल्या कार्यासाठी आवाहन प्रसारित करण्यास सुरुवात केली. बहुधा एखादी नामवंत व्यक्ती काही मिनिटे त्या संस्थेसाठी बोले. तो कार्यक्रम नाव बदलून आजही चालू आहे. या पद्धतीत एक सभ्यपणा आहे. मागण्याचा संकोच ज्याला सोसतो त्याने तो सोसावा, गरजवंताला पडद्याआड राहू द्यावे. परंतु त्यात गरजवंत कायमचा मुका होतो. त्याच्याविषयी बोलणारे बोलतात. तो काय म्हणाला असता हे कोणालाच कळत नाही.

आपल्याविषयी दुसऱ्यांनी बोलणे म्हणजे काय, हे सुरतेच्या मराठी माणसाला सांगण्याची गरज नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची बातमी पसरली आणि काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून गेली. भुसावळकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नव्हती, टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल औषधाच्या दुकानांतून नाहीशा झाल्या. मी तेव्हा नुकताच शिक्षक झालो होतो. खानदेशातल्या आपापल्या गावी पोहोचलेल्या अनेकांना वेशीपाशीच प्रश्न विचारले गेले. सख्ख्या घरात ताटवाटी वेगळी मिळाल्याच्या हकिगती मी ऐकल्या आहेत. त्या दिवसांत सारे जग सुरतेविषयी बोलत होते, रेडिओवर, वर्तमानपत्रांत, एसटीत. सुरतेहून आलेल्या माणसाला मात्र कोणी विचारले नाही की बाबा, तिकडे तू काय पाहिलेस. त्याला ताप आहे का, एवढेच विचारले. म्हणून घेणाऱ्याला गप्प बसवणारी सभ्यता मला पुरेशी वाटत नाही.

आवाज किती दूर जातो यालाही महत्त्व आहे, आणि याचा विचार फार कमी होतो. दिल्लीच्या किंवा मुंबईच्या केंद्रावर कोणी आपले दुःख सांगितले तर ऐकणाऱ्या बहुतेकांना तो केवळ आवाज असतो. चेहरा दिसत नाही, म्हणून रेडिओ हे लाजऱ्या माणसाचे माध्यम आहे असे आपण म्हणतो. पण ऐकणारा त्याच गल्लीतला असेल तर आवाज हाच चेहरा असतो. पहिल्या वाक्याला ओळख पटते. दूरचा श्रोता पैसे पाठवून विसरून जातो. जवळचा श्रोता दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत भेटतो, रेशनच्या रांगेत मागे उभा असतो, आणि त्याचा मुलगा आपल्या मुलाच्या बाकावर बसतो. म्हणून स्थानिक रेडिओला राष्ट्रीय रेडिओचे नियम लावून चालणार नाही. त्याची जबाबदारी अधिक आहे, कारण त्याच्या कहाणीतल्या माणसाला कार्यक्रम संपल्यावर तेथेच राहायचे असते.

तशीच त्याची शक्यताही अधिक आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या पीठावर होते. खटला होता बंगालच्या क्रिकेट संघटनेचा, सामन्याच्या प्रक्षेपणावरून झालेला. क्रिकेटमुळे या देशाला मिळालेल्या चांगल्या गोष्टींत मी याची गणना करतो. पुढे शिक्षणसंस्थांना आणि २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही छोटी केंद्रे चालवण्याची परवानगी मिळाली. शंभर वॅटचा प्रक्षेपक, आठ-दहा किलोमीटरचा टापू, बोली स्थानिक, आणि निम्मे तरी कार्यक्रम त्या समाजाच्या सहभागाने झालेले असावेत, अशी अपेक्षा. आज देशात अशी केंद्रे पाचशेच्या घरात आहेत. नियम चांगला आहे. फक्त रडणे हासुद्धा कागदोपत्री सहभागच धरला जातो, एवढी मेख त्यात आहे.

सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी संस्थेचे केंद्र २००८ पासून ९०.४ वर चालते. माण तालुका दुष्काळी. तेथे मदत मागण्यासारख्या कहाण्यांची टंचाई असण्याचे कारण नाही. पण त्या केंद्रावर फारशी शाळा न शिकलेल्या बायका ओव्या आणि गाणी म्हणतात, निवेदनही करतात. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला त्या वेळच्या मेदक जिल्ह्यात, जहिराबादजवळ माचनूर या खेड्यात 'संघम रेडिओ' सुरू झाला. तो दलित शेतकरी बायका चालवतात. ज्या बायांना सरकारी भाषेत लाभार्थी म्हणतात त्या तेथे बियाण्याविषयी बोलतात, कोणते भरड धान्य कोणत्या मातीत येते ते सांगतात, आणि ऐकणारे ते ऐकतात. आपल्या गुजरातेत साणंद तालुक्यातल्या मणिपूर गावी 'सेवा' संस्थेचा 'रूडीनो रेडियो' आहे. ही केंद्रे दोषरहित असतील असा माझा दावा नाही. मला त्यांत एकच गोष्ट मोलाची वाटते: तेथे बाई एकदा बोलून संपत नाही. आज अडचण सांगितली, तर परवा ती बी कसे राखावे ते सांगायला येते, पुढच्या महिन्यात कोणाची तरी अडचण ऐकून घ्यायला बसते. श्रोत्यांच्या मनात तिच्या तीन-चार मूर्ती तयार होतात, आणि त्यांतली रडणारी मूर्ती बाकीच्यांना पुसून टाकत नाही.

याची एक ओबडधोबड आवृत्ती मी शाळांत पाहिली आहे. गुजरातेत 'तिथी भोजन' ही रीत आहे. वाढदिवस, पुण्यतिथी, मुलाचे लग्न अशा निमित्ताने कोणी तरी प्राथमिक शाळेतल्या मुलांना गोडधोड जेवण देतो. दात्याचे नाव पुकारतात, मुले टाळ्या वाजवतात. मला पूर्वी त्या टाळ्या खटकत. मग एकदा एका मजुराने मुलाच्या वाढदिवसाला केळ्यांची लूम आणली आणि त्याचेही नाव त्याच आवाजात पुकारले गेले. त्याचा मुलगा रांगेत बसून केळे खात होता आणि आपल्या बापाला टाळ्याही वाजवत होता. नाव पुकारण्यात वाईट काही नव्हते. ठरावीक लोकांचेच पुकारले जात असे, एवढीच अडचण होती.

आता याला एक सडेतोड आक्षेप आहे, आणि तो आमच्याच शिक्षकखोलीत घेतला गेला. आमचे एक सहकारी म्हणाले, "सर, तुमची ही प्रतिष्ठा पोटभर जेवलेल्यांची आहे. त्या बाईला विचारा, सात मिनिटांची लाज आणि मशीन, की लाज नाही आणि मशीनही नाही?" मी हा आक्षेप हलका मानीत नाही. भूक ही तत्त्वचर्चेसाठी थांबत नाही, आणि माझ्यासारख्याचा पगार एक तारखेला जमा होतो. पण या प्रश्नात पर्याय दोनच ठेवले आहेत, तेथे तो अप्रामाणिक आहे. मशीनसाठी सारंगी आवश्यक होती, हे कोणी सिद्ध केले? भिशीचा नंबर सोडणाऱ्या बाईची गोष्ट ऐकून खिशाकडे हात गेला नसता का? माझा तर समज असा की अधिक गेला असता. कारण तिच्यात ऐकणाऱ्याला स्वतःची जागा सापडते. डबा घासणाऱ्या विधवेविषयी हळहळता येते, पण भिशीतल्या शेजारणीसारखे वागता येते.

भाषेचा भाग वेगळा सांगायला हवा, कारण हा अंक वाचणाऱ्या घरांना तो रोज भेटतो. बाईंना हिंदी-गुजराती मिसळून बोलावे लागले. 'शेजारीन', 'भाऊबंदकी', 'रोट' हे शब्द त्यांच्या तोंडात येत होते आणि निवेदकाला समजत नव्हते. समजला तो फक्त फुटलेला आवाज, कारण त्याला भाषांतर लागत नाही. परक्या भाषेत माणसाजवळ शब्द थोडे असतात आणि तो बिचारा वाटू लागतो. त्याच बाई अहिराणीत बोलू लागल्या की समोरच्याला घाम फुटेल, हे मी अनुभवाने सांगतो. खानदेशी वस्त्यांसाठी अहिराणी-मराठीतला एक शंभर वॅटचा प्रक्षेपक या भागात असावा असे मला फार वाटते.

तूर्त प्रक्षेपक नाही. मोबाइल मात्र घरोघर आहेत. गेल्या वर्षी मराठीच्या प्रकल्पासाठी आम्ही नववीच्या मुलांना वस्तीतल्या एकेका माणसाशी बोलून ते ध्वनिमुद्रित करायला सांगितले. अट एवढीच घातली, की 'तुमचे काय झाले' असा पहिला प्रश्न विचारायचा नाही, 'तुम्हाला काय येते' असा विचारायचा. आणि कापाकाप करायची तर त्या माणसाच्या शेजारी बसून करायची. मुलांना ही अट जाचक वाटली. एक मुलगा पांडेसऱ्याच्या मिलमधल्या एका निवृत्त कामगाराकडे गेला. हाताची दोन बोटे गेलेला माणूस. पोराला वाटले होते, बोटांची गोष्ट मिळेल. त्या गृहस्थांनी पन्नास मिनिटे जेट मशीनवर पॉलिस्टर कसे रंगवतात ते सांगितले: पाणी एकशे तीस अंशांवर न्यायचे, दाब किती ठेवायचा, घाईने झाकण उघडले तर काय होते, आणि दोन लॉटमधल्या गुलाबीतला फरक दिव्याखाली न दिसता उन्हात कसा दिसतो. बोटांविषयी एक वाक्य, तेही विचारल्यावर. मुलगा ध्वनिमुद्रण घेऊन माझ्याकडे आला, नाराज होता. म्हणाला, "सर, यात गोष्टच नाहीये काही." मी त्याला म्हटले, कापू नकोस, सगळे ठेव, आणि त्या आजोबांकडे परत जाऊन विचार, त्यांना हे काम कोणी शिकवले. तो गेला. दोन नावे घेऊन आला, एक रत्नागिरीकडचे, एक सुरतेतल्याच राणा समाजातले. दोघेही आता हयात नाहीत. ती नावे त्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहिली आहेत.